मिक्सर आणि खतावणी

पुण्यात आता नुसता सीए असून भागत नाही. दिवसा ताळेबंद, संध्याकाळी प्रभागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दीपप्रज्वलन, रात्री नऊला मोबाइलसमोर ‘नमस्कार मंडळी, आज आपण बोलणार आहोत’, आणि शनिवारी मुंढव्याच्या पबात हेडफोनचा एकच कान झाकून डेकमागं उभं राहणं. एवढं जमलं तर माणूस कामाचा. लग्नाच्या बायोडेटात ‘छंद’ या रकान्यात पूर्वी वाचन आणि ट्रेकिंग पुरायचं. आता त्या रकान्याला पुरवणी जोडावी लागते.

अशा माणसाची मुलाखत घ्यायला गेलेला पत्रकार एकच प्रश्न विचारतो, “हे सगळं कसं काय जमवता?” उत्तरही ठरलेलं, “टाइम मॅनेजमेंट. शिवाय घरच्यांचा सपोर्ट.” टाळ्या. पुढचा प्रश्न कुणीच विचारत नाही. हा टाइम नक्की कुणाचा? आणि सपोर्ट करणाऱ्या घरच्यांत पतसंस्थेचे ठेवीदार, प्रभागातले मतदार आणि लक्ष्मी रोडवर तिसऱ्या मजल्यावर राहणारे आजोबा धरायचे का?

हा पुढचा प्रश्न पुण्यानं एकदा चांगला खडसून विचारला होता. त्याला आता एकशे तीस वर्षांवर झाली.

भांडण जुनं आहे

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. आजीव सदस्यांनी बेताच्या पगारावर शिकवायचं आणि संस्थेला वाहून घ्यायचं, असा एकूण करार. आता वाहून घ्यायचं म्हणजे रोज किती वाजेपर्यंत, यावर पुण्यात वाद झाला नसता तरच नवल. १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि टिळकांनी हरकत घेतली. रोजचे काही तास सभेकडे जाणार, ते तास संस्थेचे आहेत, हा त्यांचा मुद्दा. बाहेरची कामं, बाहेरची कमाई, पगारवाढ असं बरंच आधीपासून साचलेलं होतं; चिटणीसपदाचं निमित्त झालं. त्याच डिसेंबरात टिळकांनी राजीनामा दिला. पत्र इतकं लांब होतं की आजच्या एखाद्या एचआर मॅनेजरनं वाचायला घेतलं, तर संपायच्या आत तोच राजीनामा देईल.

२०२२ मध्ये विप्रोनं प्रतिस्पर्ध्यांचंही काम करणाऱ्या तीनशे जणांना घरी पाठवलं, तेव्हा हिंजवडीत सगळ्यांना वाटलं की हे ‘मूनलायटिंग’ प्रकरण अमेरिकेतून आलंय. पेठांमध्ये ते १८९० मध्येच रंगून गेलं होतं. दोन्ही बाजूंना गणिताचे मास्तर होते, त्यामुळं तासांचा हिशेबही चोख असणार.

गंमत पुढं आहे. बाहेरच्या कामांवरून भांडून बाहेर पडलेले टिळक त्यानंतर काय करतात? कायद्याचे वर्ग चालवतात. लातूरला जिनिंग कारखान्यात भागीदारी घेतात. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ स्वतःच्या अंगावर घेतात. १८९५ मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून जातात. शिकवणी, उद्योग, माध्यम आणि राजकारण, सगळं एका माणसाच्या नावावर. यातल्या एकेका ओळीवर आजचा इच्छुक दोन-दोन फ्लेक्स लावेल. शिवाय सार्वजनिक गणेशोत्सव. म्हणजे आजच्या डीजेसाठी रस्ताही तेव्हाच मोकळा झाला. (१८९२ की १८९३, टिळक की भाऊसाहेब रंगारी, या वादात मी पडत नाही. मला अजून याच शहरात राहायचंय.)

पण एक गोष्ट टिळकांच्या विरोधकालाही मान्य करावी लागेल. यातला बराचसा व्याप त्यांनी संस्थेचा पगार सोडल्यावर मांडला.

गोखल्यांचंही तसंच. दरमहा ७५ रुपयांवर शिकवता शिकवता अंकगणिताचं पुस्तक लिहिलं, सभेचं त्रैमासिक सांभाळलं, ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू सांभाळली, १८९७ मध्ये विलायतेत वेल्बी आयोगापुढं हिंदुस्थान सरकारच्या खर्चाविषयी साक्ष दिली. १९०२ मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले आणि त्याच वर्षी फर्ग्युसनचा निरोप घेतला. सतरा-अठरा वर्षांची नोकरी होती. ‘मानद प्राध्यापक’ म्हणून दारावर पाटी ठेवता आली असती. ठेवली नाही.

दोघांचं एकमेकांशी पटलं नाही, पण खतावणी दोघांचीही वेगवेगळी होती.

आमदारकी चालेल, डीजे विचारून

आता आजच्या सीएकडे येऊ. त्याचा कायदा १९४९ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत सांगितलंय की प्रॅक्टिस करणाऱ्या सीएनं संस्थेच्या कौन्सिलच्या परवानगीशिवाय दुसरा धंदा किंवा व्यवसाय करायचा नाही. केला तर ते व्यावसायिक गैरवर्तन. नियम कडक आहे, म्हणून सोबत सवलतींची यादीही आहे. कोणत्या गोष्टींना सर्वसाधारण परवानगी, म्हणजे वेगळा अर्ज करायला नको? पुस्तकं आणि लेख लिहिणं. खासगी शिकवणी. शेतजमीन बाळगणं आणि शेती करणं. आणि खासदार, आमदार, विधान परिषदेचे सदस्य अशी निवडून येण्याची पदं.

शेती आणि आमदारकी एकाच यादीत. ही यादी ज्यांनी केली त्यांना महाराष्ट्राची नाडी बरोबर सापडली होती.

प्रसारणाचंही ठरलेलं आहे. सीएनं टीव्हीवर जावं, रेडिओवर बोलावं, नावामागं सीए लावावं. फक्त आपली किंवा आपल्या फर्मची जाहिरात करू नये. म्हणजे अर्थसंकल्पाच्या दिवशी सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत बारा चॅनेलांवर बसलं तरी चालतं.

डीजे मात्र या यादीत नाही. पैसे घेऊन दर शनिवारी डेक सांभाळायचा असेल तर तो दुसरा व्यवसाय, आणि त्यासाठी कौन्सिलला विचारायला हवं. विधानसभेत पाच वर्षं आवाज करायला परवानगी नको, मुंढव्यात दोन तास आवाज करायला हवी. नियम करणाऱ्यांच्या मनात असं दिसतं की राजकारण हा धंदा नाही, संगीत हा आहे. महाराष्ट्रात हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा; लोक चहा ठेवून हसतील.

सरकारी बँकेत गेलात तर उलटा न्याय. राष्ट्रीयीकृत बँकेच्या अधिकाऱ्यानं राजकारणात भाग घ्यायचा नाही, निवडणुकीला उभं राहायचं नाही, अगदी नगरपालिकेच्याही नाही. कलेचं मात्र फारसं वावडं नव्हतं. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. दिवसा खातेदार, रात्री प्रेक्षक. बँकांच्या काउंटरमागं मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी सांभाळली गेली, आणि पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाला थांबावं लागलं असेल तर त्या थांबण्यात त्याचंही नाट्यसृष्टीला योगदान आहे. पण पालेकरांनी पासबुकात तिकिटं खपवली, किंवा सराफांनी कर्ज मंजूर करून टाळ्या घेतल्या, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. बँक ती बँक, नाटक ते नाटक.

तिसरा नियम ताजा आहे आणि पुण्याला जास्त लागू पडतो. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सांगितलं की खासदार, आमदार किंवा महापालिकेच्या सदस्याला व्यवस्थापकीय संचालक नेमायचं नाही. ठेवी सांभाळणारा आणि मतं मागणारा एकाच खुर्चीत बसला की काय होतं, हे रिझर्व्ह बँकेला कळायला २०२१ उजाडलं. पुणेकर ठेवीदार त्या आधीपासून रांगेत उभे होते. १९१२ ची रुपी बँक २०१३ पासून निर्बंधांखाली राहिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. त्याच्या आदल्या वर्षी शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा गेला होता. ‘आपली माणसं, आपली बँक’ या भावनेवर व्याज किती टक्के मिळतं, ते या रांगेत उभं राहिलेल्यांना विचारावं.

सोडायचं कधी

चार कामं करू नयेत असं माझं म्हणणं नाही. एकच काम करणाऱ्या माणसांनीही या शहरात काही कमी नुकसान केलेलं नाही. कामं एकमेकांच्या आड आली की कोणतं सोडायचं आणि कधी, एवढंच बघायचं असतं.

चिंतामणराव देशमुख घ्या. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, कुलाब्याचे खासदार, आणि फावल्या वेळात कालिदासाच्या मेघदूताचं मराठी पद्यात भाषांतर. मेघदूतावरून कुणी त्यांचा राजीनामा मागितला नाही. पण १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याचं घाटत होतं आणि मंत्रिपद आणि मन यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी अर्थखातं सोडलं. संस्कृत शेवटपर्यंत ठेवलं.

नरेंद्र जाधवांनी वेगळी रीत काढली. सगळं केलं, पण ओळीनं. रिझर्व्ह बँकेत तीन दशकं, मग २००६ ते २००९ पुणे विद्यापीठाचं कुलगुरूपद, मग नियोजन आयोग, मग २०१६ ते २०२२ राज्यसभा. मधेमधे पुस्तकं आणि भाषणं. एक संपलं की दुसरं. विद्यापीठातल्या फायलींवर मात्र कुलगुरूंची सही हवी होती आणि ती कुलगुरूंनीच केली. हल्ली पुण्यात एवढंही विशेष वाटतं.

साता समुद्रापलीकडचं उदाहरण हवं असेल तर गोल्डमन सॅक्सचे प्रमुख डेव्हिड सॉलोमन आहेत. जगातल्या बड्या गुंतवणूक बँकेचे मुख्याधिकारी आणि रात्री ‘डीजे डी-सोल’. २०२२ मध्ये शिकागोच्या लोलापलूझा महोत्सवात वाजवून आले. त्याआधी, कोविडच्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कजवळच्या एका मैफलीत त्यांनी वाजवलं आणि अंतर न पाळल्याबद्दल त्या मैफलीची सरकारी चौकशी लागली. कुरकुर सुरू झाली, बँकेचे आकडे घसरले, तेव्हा २०२३ मध्ये सॉलोमन साहेबांनी जाहीर मैफली बंद केल्या. बँकेचा नफा घटला म्हणून गाणी बंद. आपल्याकडे मंडळी याच्या नेमकी उलट वागतात. पतसंस्थेत घोळ झाल्याची कुजबुज सुरू झाली की त्या वर्षी डीजेच्या भिंतीत आणखी चार बेस आणि चार टॉप वाढतात.

आता भाऊ

तर भाऊंकडे येऊ. हे भाऊ कुणी एक गृहस्थ नाहीत. ते पेठेत असतात, धायरीत असतात, वडगाव शेरीत असतात. तुमच्याकडचे भाऊ तुम्हाला माहीत आहेत.

भाऊ पतसंस्थेचे संस्थापक अध्यक्ष. भाऊ मंडळाचे आधारस्तंभ. भाऊ प्रभागातले ‘भावी नगरसेवक’. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं जवळजवळ चार वर्षं निवडणूकच झाली नाही, तेव्हा शहराचा कारभार प्रशासक बघत होते आणि भावी मंडळी भावीच राहिली. काही फ्लेक्सांवरचे फोटो त्या काळात दोनदा बदलले; केस पिकले म्हणून. आणि भाऊंचं एक चॅनेल आहे. तिथले मुख्य संपादक भाऊ, मुख्य बातमीही भाऊ, आणि ब्रेकिंग न्यूज म्हणजे भाऊंचा वाढदिवस.

म्हणजे वित्त, राजकारण, प्रसारण आणि डीजे. ज्या चौकडीबद्दल पत्रकार मुलाखती छापतात, ती आपल्याकडं गल्लोगल्ली आहे. फक्त भाऊ डेकला हात लावत नाहीत. ते ट्रॅक्टरच्या पुढं उभे राहून हात वर करतात.

आता भाऊंचा जमाखर्च बघा. पुण्याच्या नगरसेवकाला मानधन महिना वीस हजार रुपये, २०१७ मध्ये वाढवून ठरलेलं. मानधनाच्या जिवावर कुणी नगरसेवक होत नाही हे उघड आहे. मग उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसायाच्या रकान्यात लिहितात, ‘शेती, व्यवसाय आणि समाजसेवा’. शेती कुठं, व्यवसाय कसला, आणि समाजसेवेतून उत्पन्न कसं, हे तीन प्रश्न कुणी विचारत नाही. सीएच्या परवानगीच्या यादीत शेती का आहे, ते आता लक्षात आलं असेल.

गणपतीत या चारही खात्यांचं एकत्रीकरण होतं. पतसंस्थेच्या ‘जाहिरात व प्रसिद्धी’ खर्चातून मंडळाच्या कमानीला जाहिरात. कमानीवर भाऊंचा फोटो, गणपतीपेक्षा जरा मोठा. कमानीचं चॅनेलवर थेट प्रक्षेपण, खाली पट्टी: ‘दामदुप्पट ठेव योजना, आजच भेटा’. आणि दोन गाण्यांच्या मधल्या फटीत डीजे पुकारतो: आपल्या सर्वांचे लाडके… पुढचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. आता सांगा, हा खर्च कोणत्या खात्यात नावे टाकायचा? ठेवीदारांच्या? मंडळाच्या? निवडणुकीच्या? की भाऊंच्या घरच्या?

इथंच सगळा घोळ आहे. डीजेचं काम मिसळायचं. एका गाण्याचा ठेका संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू करायचा, सांधा कळू द्यायचा नाही. ज्याचा सांधा कळत नाही तो चांगला डीजे. हिशेबनिसाचं काम वेगळं ठेवायचं. प्रत्येक रुपयाला आपलं खातं, प्रत्येक खात्याला आपलं पान, आणि सांधा स्पष्ट दिसला पाहिजे. ज्याचा सांधा दिसत नाही त्याला लेखापरीक्षक बोलावतो. भाऊंनी मिक्सरचं कौशल्य खतावणीत वापरलं आणि खतावणीची शांतता मिक्सरला कधी शिकवली नाही.

आवाज कुणाला लागू

आवाजाचंही एकदा बघून घेऊ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद; वर्षातले पंधरापर्यंत दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. हा नियम पुण्यात चोख पाळला गेला तो सवाई गंधर्व महोत्सवात. १९५३ पासून भीमसेन जोशींनी जो महोत्सव रात्र रात्र जागवला, तिथं आता दहाचा ठोका पडायच्या आत भैरवी उरकावी लागते. पहाटेचे राग ऐकायला पुणेकर आता पहाटे उठून यूट्यूब लावतो.

विसर्जन मिरवणूक मात्र २०२५ मध्ये तीस तासांहून अधिक चालली. सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रोडवरच्या चौकाचौकात आवाज मोजतात, आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, आपण चहासोबत वाचतो आणि पुढच्या वर्षी तीच बातमी नव्या तारखेनं वाचतो. ढोल-ताशाच्या पथकात किती माणसं असावीत, हा प्रश्न २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथं तीसच्या मर्यादेला स्थगिती मिळाली. दिल्लीत पुण्याचा विजय झाला. लक्ष्मी रोडवरच्या आजोबांनी कानात कापूस घातला.

म्हणजे तानपुऱ्याला कायदा लागू, डॉल्बीला भावना लागू.

आणि प्रसारण? खासगी एफएम वाहिन्यांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं. १९५५-५६ मध्ये तिथून ‘गीतरामायण’ घराघरांत गेलं आणि लोकांनी रेडिओला हार घातले. भाऊंच्या चॅनेलला परवाना लागत नाही, संपादक लागत नाही, फक्त स्टँड आणि गोल दिवा लागतो. तिथून भाऊ शेअर बाजाराचा सल्लाही देतात. सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये बजावलं की शेअर बाजार नुसता शिकवणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले भाव दाखवायचे नाहीत. भाऊंना त्याची अडचण नाही. ते पुढच्या तीन महिन्यांचे दाखवतात.

मुंढव्यातल्या पोराची बाजू

आता मुंढव्यात डेकमागं उभ्या असलेल्या त्या सीए पोराबद्दल दोन शब्द. त्याला उगीच भाऊंच्या रांगेत उभं करू नका. तो वाजवतो, बिल देतो, पबवाला टीडीएस कापतो, ते उत्पन्न विवरणपत्रात दिसतं. दीडला दुकान बंद होतं. ऐकायचं त्यांनी पैसे देऊन आत जायचं, नाही त्यांनी घरी झोपायचं. त्यानं संस्थेकडे रीतसर अर्ज करावा, परवानगी घ्यावी आणि खुशाल वाजवावं. कौन्सिलनंही तो अर्ज जरा हसून मंजूर करावा. या शहराच्या चौकडीत सगळ्यात स्वच्छ हिशेब डीजेचाच निघावा, ही बाकीच्या तिघांनी लाज वाटून घ्यायची गोष्ट आहे.

तो उद्या निवडणुकीलाही उभा राहिला तर राहू दे. आकडे वाचता येणारा एक तरी माणूस स्थायी समितीत असला तर महापालिकेचं अंदाजपत्रक इतकी वर्षं अंदाजच का राहिलं, ते तरी कळेल. अट एकच. ज्या दिवशी निवडून येईल त्या दिवशी अशिलांची यादी जाहीर करावी, आणि त्यांच्यापैकी कुणाचा प्रस्ताव आला तर सभागृहाबाहेर जाऊन बसावं. टिळकांनी गोखल्यांकडे तास मागितले होते. आपण यादी मागतोय. फारच सवलतीचा भाव आहे.

तेव्हा वाचकहो, ‘हे सगळं कसं जमवता?’ हा प्रश्न आता बंद करा. त्या जागी चार साधी कामं करा. भाऊंच्या पतसंस्थेत ठेव ठेवण्याआधी लेखापरीक्षणाचा अहवाल मागा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. निवडणूक आली की प्रतिज्ञापत्र उघडून व्यवसायाचा रकाना वाचा आणि मालमत्तेचा रकाना त्याच्या शेजारी ठेवा. मंडळाची मुलं वर्गणीला आली की धर्मादाय आयुक्तांची परवानगी आहे का ते विचारा, आणि उत्सव संपल्यावर हिशेब फलकावर लावायला सांगा. मुलं चांगली असतात, विचारलं तर सांगतात; फक्त कुणी विचारत नाही.

आणि पैसे दिलेच, तर पावती घ्या. घेतल्यावर ती नीट वाचा. मंडळाचं नाव असेल तर बाप्पा पावले. भाऊंचं असेल तर पैसे परत मागा.